तारेखालची बावीस घरं

मंसिर ३

पोचलो. बुटवलहून दोन दिवस गाडी, दीड दिवस चढण. गुडघे म्हणतात, मनलाल, आता घरी बस. पण हे माझं बेचाळिसावं यंत्र. बेचाळीस गावांत पाण्यावर दिवे! बसवत नाही घरी.

सोळा हमाल होते. पुलाच्या अलीकडे एक घसरला आणि तोटीची, म्हणजे चाकावर पाणी फेकणाऱ्या नळीची, पेटी दगडावर आदळली. कान लावून हलवून पाहिली, आत काही खुळखुळलं नाही. सावकाश उघडीन.

पाखाथोक दोन थरांत आहे. वर डोंगराच्या कुशीत बामण-छेत्र्यांची शंभर घरं. खाली ओढ्याला लागून बावीस घरं, कामी टोल, म्हणजे लोहारांची वस्ती; वरचे त्यांच्या हातचं पाणी घेत नाहीत. यंत्रघर त्या वस्तीच्या अगदी उशाशी. वीज तिथे तयार होणार आणि त्यांच्या छपरांवरून वर गावात चढणार.

वीज समितीचे अध्यक्ष टंकनाथ पौडेल यांच्याकडे उतरलोय. बोलका माणूस; बामणाला बाजे म्हणायची इकडची रीत. "घिमिरेबाजे, तुम्ही आलात म्हणजे उजेड आला." म्हटलं, "आधी पाणी येऊ द्या, अध्यक्षजी. उजेड त्याच्या मागून येतो." हसले.

त्यांची आई — सगळे हजुरआमा, म्हणजे आजी, म्हणतात — ऐंशीच्या पुढची, पण अजून सुईत दोरा ओवते. तिने आतल्या चुलीपाशी बसवून वाढलं. शर्ट काढला, जानवं सारखं केलं, जेवलो. डाळ, भात, मुळ्याचं लोणचं. दमलो होतो, डोळे मिटत होते. जेवून उठलो, ताट मागच्या अंगणात नेऊन राखेने लख्ख घासलं, दगडावर पालथं घातलं. हजुरआमा दारात उभ्या. "बघा, बाबु पाहुणा असून ताट घासतोय," म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो.

मंसिर ४

म्हातारीचा जीव लागलाय माझ्यावर. दोन वेळा आग्रह करकरून वाढते. मी उठलो की लोटीतून पाणी शिंपडत फिरते, तेव्हा लोटीत काहीतरी बारीक किणकिणतं. देवाचं नाणं असेल. माझ्या कानांना नको ते ऐकायची खोडच आहे.

मंसिर ५

पाणी मोजलं. उंचीही मोजली, दोनदा. चौदा किलोवॅट सहज निघतील. घरटी शंभर वॅट धरले तर शंभर घरांना दहा, खालच्या बावीस घरांना सव्वादोन, वर शिल्लक उरेल. सगळ्यांना पुरून! मन खूश झालं.

पाट बघायला गेलो. खडक फोडून काढलेला तुकडा सगळ्यात सुरेख. कुणी केला विचारलं. समितीचा एक जण म्हणाला, "खालच्यांनी. दगड फोडणं त्यांच्या रक्तातच आहे." कौतुकानेच म्हणाला.

आणि पाटावर उभा असताना खालून भट्टीचा आवाज आला. तीन घाव लोखंडावर, एक मोकळा ऐरणीवर, मग दोन हलके. परत तीन, एक, दोन.

हा आवाज मी ओळखतो. या आवाजावर मी रांगायला शिकलो. बा असे ठोकायचे. दुसरं कुणीच नाही.

मंसिर ६

आज पाटावर गेलो नाही. घरी बसून तक्ते भरले.

मंसिर ८

भट्टीवाल्याचं नाव बखतबहादुर. वरचे लोक बखते म्हणतात. टंकनाथांच्या तोंडी तर "ए बखते" — सत्तरीच्या माणसाला, कुत्र्याला हाक मारावी तसं. मी वहीतले आकडे तपासत राहिलो.

मंसिर १०

कुणी वाचणार नाही म्हणून तरी नीट लिहितो.

घिमिरे हे माझंच आडनाव. बांचं, आजोबांचं. बामणांत घिमिरे आहेत तसे आम्हा कामींतही आहेत. बुटवलात पहिल्यांदा खोली मागायला गेलो तेव्हा घरमालकिणीने नाव विचारलं. सांगितलं, मनलाल घिमिरे. "अरे, आपलेच की," म्हणाली आणि किल्ली दिली. त्याआधी सात दारांवरून परत आलो होतो. मी खोटं बोललो नाही. गप्प राहिलो.

बत्तीस वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय — गप्प राहिलो. पण गप्प माणसाला जानवं विकत घ्यावं लागत नाही. मी घेतलंय. दर दोन वर्षांनी नवं घेतो.

बा गेले तेव्हा निरोप आला होता. गेलो नाही. तेरा दिवस पांढरे कपडेही घातले नाहीत. लोकांनी विचारलं असतं, कोण गेलं? कुठे? मग कुठले घिमिरे? कारखान्यात जादा पाळी घेतली, सोळा तास काम केलं. बायको रडली. मी ओरडलो तिच्यावर.

मंसिर ११

पाइपाच्या तोंडाची कडी वाकडी निघाली. हाताखालच्या पोरांना जमेना, म्हणून हातोडा मीच घेतला. कामाच्या तंद्रीत हात आपोआप चालतो. पाच-दहा मिनिटं झाली असतील, आणि जाणवलं की खालची भट्टी थांबलीय.

थोड्या वेळाने म्हातारा चढून आला. यंत्रघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत पाऊल नाही. दंडाचे पीळ अजून तसेच.

"बाजे, आत्ता ठोकत कोण होतं?"

"मी."

"बामणाचा हात वाटला नाही."

"कारखान्यात शिकलो. तिथे सगळे सारखेच ठोकतात."

"असेल. शहरातल्या गोंगाटाने कान बधिर होतात म्हणे." मग उकिडवा बसला, विडी काढली, पेटवली नाही. "तरुणपणी मी चार वर्षं पलीकडच्या खोऱ्यात भाता ओढला. रुद्रलालदाइंच्या भट्टीवर, थोरल्या भावासारखे मला. तीन घाव लोखंडाला, एक ऐरणीला, मग दोन हलके. म्हणायचे, लोखंडालाही दम खाऊ द्यावा. मी हा ठेका त्यांच्याकडून उचलला. आणखी कुणी उचलला नव्हता."

मी कडी न्याहाळत राहिलो.

"त्यांना एक मुलगा होता. माझ्या मांडीवर मुतायचा. मोठेपणी बुटवलला गेला आणि परत आला नाही. दाइ वाटेला बसायचे म्हणे शेवटी शेवटी. बाजे बुटवलचेच. आपल्याला कधी भेटला का?"

"नाही," मी म्हणालो. आणि पुढे, कुणी विचारलेलं नसताना — "मेला असेल."

म्हाताऱ्याने विडी परत कानावर खोचली. "तसं असेल तर मला सुतक धरायला हवं. त्याचं दुसरं कोण आहे?" उठला. जाताना विचारलं, "आमच्या टोलाला तार येणार ना, बाजे? पोरी विचारतात."

"नियमाने येणार," मी म्हणालो.

मंसिर १२

बखतेदाइ खरंच डोकं भादरून आलेत. पाटावर दगड वाहत होते. कुणीतरी विचारलं, कोण गेलं रे? "लांबचा पुतण्या," म्हणाले.

माझ्याकडे बघितलंही नाही.

मंसिर १५

आज झालं ते असं.

जिल्हा कार्यालयाचा नियम साधा आहे. तार ज्यांच्या छपरावरून जाते त्यांना वीज आधी. पुरत नसेल तरच वगळायचं, आणि पुरत नाही हे यंत्रवाल्याने सही करून द्यायचं. म्हणजे एकच सही. माझी.

दुपारी टंकनाथांनी ओसरीवर चहा मागवला. कागद तयार होता. पाणी कमी असल्यामुळे दहा किलोवॅटपेक्षा जास्त वीज निघत नाही. तूर्त वरच्या शंभर घरांनाच जोडणी.

"पण चौदा निघतात, अध्यक्षजी."

"निघतात ते तुम्हाला आणि मला ठाऊक. वरचे चार माझ्या मुलाच्या लॉजला लागतील. गोरे पाहुणे येतात, त्यांना अंघोळीला गरम पाणी हवं, थंड बिअर हवी. गावाचंच नाव होईल."

"आणि खालचे?"

"लोहारांना दिवा कशाला? भट्टीत जाळ आहेच की."

तिथे आणखी दोघे बसले होते, ते हसले. मी हसलो. माझा आवाज मला वेगळा ऐकू आला, त्या दोघांपेक्षा मोठा.

तरी म्हणालो, "पाट त्यांनीही खणलाय."

टंकनाथांनी कप खाली ठेवला. अगदी गोड आवाजात विचारलं, "घिमिरेबाजे, इतके दिवस झाले, विचारायचंच राहिलं. आपण कुठले घिमिरे?"

सही केली. कागदावर फुंकर घालून त्यांनी त्याची घडी घातली. रात्रीच्या जेवणात माझ्यासाठी खीर होती.

मंसिर १६

खीर संपवली. तेच आठवतंय. वाटी बोटाने पुसून खाल्ली.

मंसिर १८

लहानपणी बांबरोबर एका बामणाच्या अंगणात गेलो होतो, धार लावलेले विळे द्यायला. वर्षाचं धान्य मिळायचं त्याबद्दल. खेळता खेळता माझा हात ओसरीच्या खांबाला लागला. घरधनीण ओरडली नाही. आत गेली, पाण्यात अंगठी बुडवून आणली, सोन्याचं पाणी, आणि खांबावर, जमिनीवर, सगळीकडे शिंपडलं. दोन थेंब माझ्या तोंडावर उडाले. बा म्हणाले, "पूस." मी पुसले नाहीत. जिभेने चाटले. सोन्याची चव बघायची होती.

त्या दिवशी ठरवलं होतं, मोठा होऊन असा होईन की कुणाची हिंमत होणार नाही माझ्यामागे पाणी शिंपडायची. तसा झालो. असं वाटत होतं.

मंसिर २०

पाणी सोडलं. चाक फिरलं, पण सूर बरोबर नाही. पोरं म्हणाली छान आहे. मी म्हटलं बंद करा. तोटी उघडली. आतली सळई वाकलीय, पुलावरच्या धक्क्याने. तशीच चालवली तर महिन्याभरात चाकाच्या वाट्या खाऊन टाकेल.

उद्घाटन सत्तावीसला. बुटवलहून नवी यायला दहा दिवस. इथे भट्टी एकच.

टंकनाथ म्हणाले, "बखतेला वर बोलवा."

"भट्टी वर येत नाही, अध्यक्षजी. मलाच खाली जावं लागेल."

मंसिर २१

खाली गेलो.

बखतेदाइंनी सळई हातात घेऊन फिरवली, एका डोळ्याने पाहिली. "बाजे, ही एकट्याचं काम नाही. समोर दुसरा हात हवा. माझा मुलगा कतारला आहे."

"मी आहे."

"जानवं भट्टीत जळेल."

"आत खोवतो."

त्यांनी एवढंच म्हटलं, "बघा बुवा. बाजेंची मर्जी."

लोखंड तापलं. त्यांनी सांडशीने ऐरणीवर धरलं. पहिला घाव त्यांचा, दुसरा माझा. कुणी मोजलं नाही, कुणी इशारा केला नाही. तीन, एक, दोन. दोन हातोडे, पण ऐकणाऱ्याला एकच माणूस वाटावा. टोलातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी दुसरीला म्हणाली — हळू म्हणाली, पण माझे कान — "बामणं असं ठोकतात होय ग?" दुसरी म्हणाली, "गप. त्याचं त्याला ठाऊक."

तीन तास लागले. घशाला कोरड पडली होती. भट्टीशेजारी घागर भरलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं असेन, कारण बखतेदाइंची बायको लगबगीने उठली आणि घागर उचलून आत घेऊन गेली. मला विटाळ होऊ नये म्हणून. माझ्याच भल्यासाठी! माझ्या जिभेवर आलं होतं, वहिनी, पाणी द्या. तिथेच राहिलं.

सळई सरळ झाली. आरशासारखी. मी म्हणालो, "मजुरी सांगा."

"मजुरी नको. दिवा द्या."

"ते समितीच्या हातात आहे."

"हो का," बखतेदाइ म्हणाले. "वर म्हणतात, सही तुमची आहे."

चढण चढताना तीनदा बसलो. गुडघ्यांमुळे नाही.

मंसिर २२

चालू केलं. चौदा. काटा जराही हलत नाही. आयुष्यात एवढं गोड चाललेलं यंत्र ऐकलं नाही. त्याच्या पोटात बांचे घाव आहेत, आणि तेच खाली अंधारात ठेवणार.

मंसिर २५

बायकोचा फोन. डोंगराच्या टोकावर जाऊन घ्यावा लागतो. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जानवं तुम्ही घातलंत, उपास मी केले. मी थकले हो."

मंसिर २७

उद्घाटन.

जिल्ह्याचे मोठे साहेब आले, हार झाले, भाषणं झाली. पूजा कुणी करायची? गावचे भटजी तापाने आडवे. टंकनाथ म्हणाले, "आपले घिमिरेबाजे आहेत की." यंत्रासमोर बसलो, जमतील ते मंत्र पुटपुटलो. मंत्र मला येतात, कान चांगले आहेत. मग लोक टिळ्यासाठी रांगेत आले. वाकायचे, मी कपाळावर दही-तांदूळ दाबायचो, आशीर्वाद द्यायचो.

रांग संपली तेव्हा लांब उभे असलेले बखतेदाइ पुढे आले. भादरलेल्या डोक्यावर केसांचे खुंट उगवले होते. माझ्या पुढ्यात वाकले. सगळं गाव बघत होतं. मी हात वर उचलला आणि तांदूळ वरून टाकले. बोट लागू दिलं नाही. किती सहज जमलं मला! जन्मभर तेच करत आल्यासारखं.

ते वाकलेलेच होते. खालच्या खाली म्हणाले, मला एकट्याला ऐकू जाईल इतपत, "रुद्रलालदाइंनी तुला निदान हात लावला असता रे."

संध्याकाळी कळ दाबली. वरची शंभर घरं एकदम उजळली. बायका ओरडल्या, म्हातारे रडले. हजुरआमांनी दिव्याला हात जोडले. मी अंगणाच्या कडेला जाऊन खाली पाहिलं. कामी टोलावर काळोख, आणि त्या काळोखावरून आपल्या तारा गेलेल्या. बखतेदाइंच्या अंगणात सगळे वर बघत बसले होते. कुणी रागावलेलं दिसलं नाही. सिनेमा बघावा तसे बसले होते.

मंसिर २९

पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचवं ठेवलं. जिल्हा कार्यालयाला — यंत्रातून चौदा किलोवॅट निघतात, दहा हे मी खोटं लिहून दिलं होतं, तारेखालची बावीस घरं नियमाने आधी जोडली जावीत. खाली सही: मनलाल घिमिरे, रुद्रलाल कामी यांचा मुलगा.

बांचं नाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहिलं.

उद्या पुस महिना लागतो; सकाळीच निघायचं. जाण्याआधी हजुरआमांना स्वतः सांगणार. टंकनाथांचं काही वाटत नाही, पण त्या म्हातारीने पोटच्या मुलासारखं वाढलं मला. तिचं चुलीजवळचं सोवळं मी सत्तावीस दिवस बाटवलं. ती शिव्या देईल. रडेल. देऊ दे. ऐकून घेईन.

पुस १

सांगितलं. हजुरआमा तांदूळ निवडत होत्या. हात थांबलासुद्धा नाही.

"पहिल्या संध्याकाळी तू ताट घासून पालथं घातलंस, बाबु. आमच्या पुरुषांना राख कुठे ठेवतात तेही ठाऊक नसतं. तेव्हाच कळलं."

"अध्यक्षजींना?"

"मीच सांगितलं. तो म्हणाला, असू दे आई, अशाकडून सही लवकर मिळते."

लोटी शेजारी होती. उचलून हलवली. आत अंगठी किणकिणली.

"भात झालाय, जेवून जा," त्या म्हणाल्या. खरोखर मायेने म्हणाल्या. आणि लोटी माझ्या हातातून घेऊन भरायला गेल्या.

जेवलो नाही. पत्र खिशात आहे. पाणी खाली बखतेदाइंकडे मागेन. देतात का बघू.